भोंग्याआधी

खिडकीच्या काचांना काळा रंग मीच दिला होता,
एकसष्टच्या एप्रिलात, डांबरात रॉकेल कालवून.
पण नागपूरचं ऊन हट्टी,
ब्रशचा एक केस निसटला तेवढ्या रेघेतून आत येऊन
पलंगाच्या पायाशी बसायचं.

मोठ्या बाई सांगायच्या, उजेड नको, आवाज नको,
हात लावायचा तर आधी विचार करा, मग लावा.
बिजागऱ्यांना एरंडेल. चपला बाहेर. बांगड्या कपाटात.
बादलीच्या कडीलासुद्धा चिंधी.

गिरणीच्या भोंग्याला मात्र चिंधी बांधता येत नव्हती.

कौतिका निनावे, आठवा सरत आलेला,
टिमकीहून सायकलरिक्षात आणली.
जोडवी मांसात रुतलेली, पकडीने कापावी लागली.
लघवी नळीत उकळली तर
अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली.
घरी भोंगा हेच तिचं घड्याळ:
वाजायच्या आत डोमाजीच्या डब्याला फडकं बांधून व्हायचं.
इथे तोच भोंगा वाजला
आणि ओल्या सुताची लड दोघांनी दोन बाजूंनी पिळावी
तशी ती पिळली गेली.
दातांत गॉज गुंडाळलेला लाकडी चमचा,
माझा अंगठा चमच्यावर, आणि तरी जीभ फाटली.

मग झोप.
आमच्याकडे तेव्हा झोपच होती द्यायला.
जुन्या बाईंची ब्रोमाइडची बाटली, तळाशी खडे धरलेली.
क्लोरल, दुधातून, खालून.
पॅराल्डिहाइड, काचेच्या पिचकारीत,
वास असा की सडक्या संत्र्यांवर कोणी व्हार्निश ओतलंय.
तो वास तिच्या श्वासातून यायचा, माझ्या पदरातून यायचा.
आई म्हणायची, आधी मोरीत जा, मग बोल.

भोंग्याच्या दोन मिनिटं आधी
मी तिच्या कानांवर तळवे ठेवायची.
पुस्तकात हे नव्हतं.
माझ्या तळव्यांत तो आवाज गुरगुरायचा,
पिशवीत कोंडलेल्या मांजरासारखा,
आणि मग जायचा.

तीस तास एकही झटका नाही.
तक्त्यावरचे रकाने कोरे, आम्हाला त्यांचा केवढा अभिमान!
रजिस्टरात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: पेशंट शांत.
व्हरांड्यात डोमाजीला वाचून दाखवलं.
तो उठून उभा राहिला.
"शांत म्हंजे? शांत झाली का वो, बाई?"
नाही हो, झोपलीय, म्हणून मी हसले.

पोरगी झोपेतच जन्मली, रडली नाही,
तळपायावर टिचक्या मारून मारून तिला जगात बोलावली.
आणि कौतिकाचे श्वास मी मोजत होते,
चौदा, अकरा, नऊ,
नंतर मोजायला फार वेळ लागू लागला.
आजार होता की आमची झोप होती,
मोठ्या बाईंनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

रजिस्टरातला शब्द खोडावा लागला नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा मॅग्नेशियम आलं.
साधं मीठ, पाण्यासारखं, वास नाही.
कोवळी डॉक्टरीण खोलीत शिरली, पहिल्यांदा खिडकी उघडली,
म्हणाली, सिस्टर, हातोडी द्या.
औषधाचा पुढचा डोस द्यायच्या आधी
गुडघा उडतोय का पाहायचं.
उडाला नाही तर थांबायचं.

पस्तीस वर्षं मी हलणारी अंगं दाबली,
आता एक अंग हलावं म्हणून
श्वास धरून उभी.
टक्.
पाय उडाला, वीतभरसुद्धा नाही.
पलंगावरची बाई डोळे उघडून म्हणाली,
"काय करून राह्यले वो तुम्ही?"

भोंगा तोवर बंद पडला होता. तरी
अडीच वाजता माझे हात
आपोआप वर आले,
आणि काय करावं न सुचून
मी तिची उशी नीट केली.
रजिस्टरात लिहिलं:
हाक मारली की ओ देते.